चढावर वाजणारं इंजिन

गॅरेजवाल्या वहिनींना वहिनी म्हणण्याचा खरा हक्क एकाच बाईचा होता, आणि नेमकी तीच कित्येक वर्षं गॅरेजच्या दारात पाऊल टाकत नव्हती. बाकी सगळं गाव त्यांना वहिनी म्हणायचं. पांढऱ्या मिशांचे ट्रकवाले म्हणायचे, शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणायचा, आणि त्यांच्या वडिलांच्या वयाचा गिरणीमालकसुद्धा "वहिनी, जरा ब्रेक बघता का?" असं म्हणतच आत यायचा.

लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनींना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. गॅरेज खाली, घर वर. जेवायला हाक मारावी तर खालच्या घरघरीत ती कुणाला ऐकू जाणार? मग त्या स्वतःच जिना उतरून यायच्या. उतरल्या की नवरा गाडीखालून म्हणायचा, "आलीच आहेस तर तेवढी बत्ती धर." त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. बत्ती धरता धरता वहिनी पाने ओळखायला लागल्या, मग पाने हातात द्यायला लागल्या, आणि एक दिवस उस्ताद बाहेर गेलेले असताना एका ताटकळलेल्या गिऱ्हाइकाचा क्लच त्यांनी स्वतःच बसवून दिला. उस्ताद परत आले, गाडी दोनदा पुढे-मागे करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "स्वयंपाकाला बाई बघायला हवी आता."

पुढे उस्तादांना हात थरथरण्याचं दुखणं जडलं. आधी चहाचा कप हिंदकळायला लागला, मग बारीक स्क्रू हातून निसटायला लागले. तरी गॅरेज चालूच राहिलं. त्या दिवसांत त्यांनी शेवटचं एक मोठं काम अंगावर घेतलं. धाकट्या बहिणीच्या पिकअपचं इंजिन नव्याने बांधायचं. बहिणीची रोपवाटिका होती. रोपं, कुंड्या, मातीच्या गोण्या असं सगळं ती त्याच पिकअपमधून पोचवायची, आणि स्वतःच चालवायची. इंजिन बांधून झालं, गाडी लोण्यासारखी चालू लागली, बहीण भावाच्या पाया पडून गाडी घेऊन गेली. वर्षभरात उस्ताद गेले.

वहिनींनी गॅरेज पुन्हा उघडलं त्या दिवशी नणंदबाई आल्या आणि दारातच उभ्या राहून बोलल्या. "वहिनी, विकून टाक हे. दादाच्या हातात जे होतं ते तुझ्या हातात थोडंच उतरणार आहे? चार गाड्या बिघडवशील आणि लोक नाव दादाला ठेवतील."

वहिनींनी हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "तुमच्या दादांचं नाव मला ठाऊक आहे, वन्सं. तुम्ही तुमच्या कुंड्या सांभाळा."

झालं. त्यानंतर दोघी भेटायच्या त्या आजारपणात आणि लग्नकार्यात. बोलायच्या त्या तब्येतीविषयी आणि हवेविषयी. पिकअपला काही झालं की नणंदबाई ती गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायच्या, आणि ते वहिनींना कुणी ना कुणी येऊन सांगायचंच.

म्हणून एका सकाळी शटर वर करताना समोर तीच निळी पिकअप उभी दिसली, तेव्हा वहिनींना आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची असेल. पण काचेआड नणंदबाईच होत्या. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसल्या होत्या.

"आत या," वहिनी म्हणाल्या.

"आत येते. पण आधी ऐकून घे." नणंदबाई उतरल्या. "चढावर आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावेत तसा. इंजिनचा दिवापण लागलेला असतो. एकाने सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला. दुसऱ्याकडे गेले, तो म्हणाला आतली बेअरिंगं गेलीत, इंजिन भंगारात घाला, जुनं कुठलं तरी आणून बसवू." त्या थांबल्या. "दादाने बांधलेलं इंजिन आहे, वहिनी. त्याचं शेवटचं. असं कुणाच्याही सांगण्यावरून कसं काढून टाकू? तू बघ. तू म्हणालीस गेलं, तर मग गेलं."

बोनेटकडे निघालेल्या वहिनी जागीच थबकल्या. का, ते या जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"बघते," त्या म्हणाल्या आणि बोनेट उघडलं.

इंजिन सुरू करून त्यांनी लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनच्या पोटाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. उस्तादांनी शिकवलेली ही रीत. डॉक्टर नळी लावून छाती तपासतो तशी. एकेक जागा ऐकत त्या इंजिनभोवती फिरल्या. बेअरिंग गेलं असलं की आतून जड, बोदा ठोका ऐकू येतो, बंद दारावर कुणी मूठ मारल्यासारखा. तसं काही कानावर आलं नाही. पण गाडी उभी होती, रिकामी होती. एवढ्यावरून निःश्वास सोडण्यात अर्थ नव्हता.

मग त्यांनी स्कॅनर जोडला. यंत्राने त्याच सेन्सरकडे बोट दाखवलं. नॉकिंगचा सेन्सर.

"हा काय करतो?" नणंदबाईंनी विचारलं.

"पेट्रोलने ठिणगीच्या वेळेवर पेटायचं असतं. कधी कधी ते मध्येच, आपल्या मनाने भडकतं. तेव्हा जो आवाज येतो तो हा सेन्सर पकडतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. मग कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो. म्हणजे आवाज थांबतो."

"म्हणजे राखणदार."

"राखणदारच. पण त्याला बदलून उपयोग काय, त्याची हाकच पोचत नसेल तर?" वहिनी बोलता बोलता वाकून सेन्सरची वायर बोटांनी चाचपत चालल्या होत्या. मागच्या बाजूला, एका लोखंडी पट्टीखाली, बोट अडलं. कुठल्यातरी जुन्या कामात कुणाच्या तरी घाईत वायर पट्टीखाली चेंगरली होती. वरचं आवरण घासून आतली तार उघडी पडली होती. वहिनींनी वायरचा तेवढा तुकडा काढून नवा जोडला आणि पट्टीपासून लांब बांधून टाकला. दिवा विझला. दोघींनी बाजाराच्या रस्त्यावरून एक चक्कर मारली. इंजिन गपगार.

"झालं बहुतेक," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा जास्तच मोकळा झाला होता.

नणंदबाईंनी मान हलवली. "रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कधीच वाजत नाही. उद्या टेकडीवरच्या इस्पितळात झाडं पोचवायचीत. येशील बरोबर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप मागे काठोकाठ भरलेली होती. वाऱ्याने पानं सळसळत होती, कुंड्यांना दोरी आवळलेली. पुढे दोघी शेजारी शेजारी. इतक्या वर्षांत एवढ्या जवळ त्या बसल्या नव्हत्या. मध्ये गिअरचा दांडा होता आणि बोलण्यासारखं काही नव्हतं.

"तुझे गुडघे कसे आहेत?" नणंदबाईंनी विचारलं.

"आहेत."

"हवा बरी आहे आज."

"बरी आहे."

चढ सुरू झाला. नणंदबाईंनी गिअर उतरवला आणि पाय दाबला. पहिल्या वळणावर काही नाही. दुसऱ्या वळणावर रस्ता एकदम अंगावर आल्यासारखा उभा झाला, इंजिनला धाप लागली, आणि तो आवाज आला. कालच्या वर्णनापेक्षा हळू होता, पण होता.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. काल दिवा विझला तेव्हा त्या मनातल्या मनात सुटल्या होत्या. आता तीच भीती पुन्हा वर आली.

"गाडी बाजूला घ्या, वन्सं."

नणंदबाईंनी गाडी कठड्याला लावली आणि वळून पाहिलं. "एवढी पांढरी का पडलीस? गेलं का इंजिन?"

"माहीत नाही. पण गेलं असेल तर ते तुमच्या दादांचं नाही गेलेलं." वहिनींनी पदराने कपाळ पुसलं. "ते इंजिन मी बांधलंय. त्यांच्या हातात तेव्हा पाना राहतच नव्हता. अर्धं शटर खाली ओढून आम्ही काम करायचो, कुणाला दिसू नये म्हणून. ते स्टुलावर बसून सांगायचे, अजून थोडं, बस, आता पुढचा. क्रँक मी बसवला. बेअरिंगचे बोल्ट मी आवळले. माझं पहिलं इंजिन ते. तुम्हाला सांगू नको म्हणाले, तुमचा जीव धास्तावेल म्हणून."

नणंदबाई दार उघडून खाली उतरल्या. मागे जाऊन कुंड्यांची दोरी उगाचच ओढून पाहिली, एका रोपाची वाकलेली फांदी सरळ केली. वहिनी आरशातून बघत होत्या. आता ही बाई आपल्याला इथेच उतरवून जाणार, असं त्यांना वाटून गेलं.

नणंदबाई परत येऊन बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं," त्या सावकाश म्हणाल्या, "मी तुझंच इंजिन चालवत होते."

"हो."

"आणि दारात उभी राहून तुलाच सांगून आले, की तुझ्या हातात ते उतरणार नाही."

"हो, सांगून आलात."

"आणि तू तेव्हा एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुमच्या दादांना शब्द दिला होता ना."

नणंदबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले. "काय मूर्ख बाई आहे मी! सगळ्या रस्त्याभर सांगत सुटायचे, दादाच्या हाताला तोड नाही, बघा कशी चालते गाडी. तुझंच कौतुक करत होते की गं गावभर!"

वहिनींनाही हसू आवरेना. हसता हसता डोळे भरले ते दोघींनी आपापल्या बाजूच्या खिडकीकडे बघत पुसले.

"चला," वहिनी म्हणाल्या. "आता घाबरून बसण्यापेक्षा नीट ऐकू या. मी सांगेन तेव्हा पाय दाबायचा, सांगेन तेव्हा उचलायचा."

गाडी पुन्हा चढाला लागली. "दाबा." खड्यांचा आवाज सुरू झाला. "उचला." आवाज तत्क्षणी बंद. "दाबा." पुन्हा सुरू, बारीक, किणकिणता, वरवरचा. "उचला." बंद. वहिनी मान तिरपी करून ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता.

"वन्सं, हे बेअरिंग नाही! बेअरिंग असतं तर पाय उचलल्यावरही ठोकत राहिलं असतं, आणि असं किणकिणलं नसतं. हे नुसतं पेट्रोल भडकतंय. आतलं सगळं शाबूत आहे!"

"नक्की?"

"अगदी नक्की." त्यांनी डोकं मागे टेकलं. छातीवरचं ओझं कुणी उचलून खाली ठेवावं तसं त्यांना झालं. ते पिवळं स्टूल, उस्तादांचा तो कापरा आवाज, अजून थोडं, बस, सगळं जागच्या जागी होतं. काही चुकलं नव्हतं.

"मग भडकतंय का?" नणंदबाईंनी रास्त प्रश्न विचारला. "राखणदार तर दुरुस्त केलास."

"राखणदार जागा झाला म्हणून तर आवाज कमी झालाय. पण मुळातच इंजिनला कुठून तरी जास्तीची हवा मिळतेय. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की असं होतं. आणि ते फक्त चढावरच. उभ्या गाडीत काही सापडणार नाही. इथेच बघायला हवं."

वळणापुढे जरा सपाट मोकळी जागा होती. तिथे गाडी थांबवून चारही चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, बोनेट उघडलं. वहिनी एका बाजूला उभ्या राहिल्या. "गिअर टाका, क्लच अगदी थोडा सोडा आणि जरा पाय दाबा. गाडी जाऊ द्यायची नाही, नुसता जोर लावायचा."

नणंदबाईंनी जोर लावला आणि गाडी धक्का देऊन बंद पडली. पुन्हा केलं. पुन्हा बंद पडली. मागची झाडं हेलकावली.

"वन्सं, ती गाडी आहे, बैल नाही!"

"मग तू ये ना इथे शहाणी! मी बघते तिकडून. काय बघू ते सांग."

जागा बदलल्या. "इंजिन किती हलतं ते बघा," वहिनींनी खिडकीतून सांगितलं. "समोर उभ्या राहू नका, बाजूला. आणि हात आत घालायचा नाही." त्यांनी क्लच अलगद सोडला. गाडी जागच्या जागी तट्ट झाली आणि इंजिन एका कुशीवर कललं.

"हे एवढं कलतं? आमच्या घरच्यांसारखं झोपेत कूस बदलतंय!"

"इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंगचं रबर दबलंय म्हणजे. अजून काय दिसतं?"

नणंदबाई वाकून बघत राहिल्या. मग एकदम ओरडल्या, "थांब, थांब! पुन्हा कर. तो काळा पाइप, घड्या-घड्यांचा..."

वहिनींनी पुन्हा जोर लावला.

"फाटलाय तो! घडीच्या आत चीर आहे. इंजिन कललं की उघडते, सरळ झालं की मिटते. आमच्या पाण्याच्या पाइपांचं असंच असतं. सरळ धरला की धडधाकट दिसतो, वाकवला की फवारा उडतो. वाकवल्याशिवाय चीर सापडतच नाही."

वहिनी गाडी बंद करून धावतच आल्या. एअर फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा तो रबरी पाइप त्यांनी दोन्ही हातांनी ताणला. घडीच्या पोटात बोटभर चीर उघडली आणि सोडल्यावर मिटून दिसेनाशी झाली. काल याच पाइपवरून त्यांनी हात फिरवला होता.

"काल माझ्या हाताखालून गेलं हे," त्या म्हणाल्या. "बघितलं आणि पुढे गेले. हवा मोजणारा सेन्सर या पाइपच्या आधी आहे, वन्सं. चिरेतून घुसलेली हवा त्याच्या हिशेबातच येत नाही. म्हणून पेट्रोल कमी पडतं. तुम्ही पकडलंत नेमकं."

नणंदबाईंना एवढं कौतुक पेलवेना. "आता चिकटवायचं कशाने ते बोल," त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता सीटखालची पिशवी उपसून एक पट्टीचं गुंडाळं काढलं. "कलम बांधायची पट्टी. ताणली की घट्ट बसते, पाणी जात नाही. हवा जाईल?"

वहिनींनी पट्टी ताणून बघितली. "आजच्यापुरती नाही जाणार."

मग नणंदबाईंनीच ती गुंडाळली, रोपाचं कलम बांधतात तशी, एकावर एक वेढे घेत, शेवटी टोक आत खोचून. वहिनी नुसत्या बघत उभ्या होत्या. असं सफाईदार काम आपल्याला जमलं नसतं, असं त्यांना वाटलं, आणि तसं त्या बोलल्याही.

दगड काढले. नणंदबाई पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या. चढ आता सगळ्यात उभा होता. त्यांनी पाय दाबला तेव्हा वहिनींनी श्वास धरून ठेवला होता. इंजिन गुरगुरलं, भरल्या गाडीचा भार त्याने अंगावर घेतला आणि नीट, एका सुरात, वर वर जात राहिलं. वळण गेलं. दुसरं गेलं. झाडांच्या पानांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"काही वाजतंय का?" नणंदबाई कुजबुजल्या.

"अंहं."

"मला पण नाही येत ऐकू."

"मग कुजबुजताय कशाला?"

इस्पितळाच्या फाटकात पोचल्या तेव्हा तिथला माळी हातात फावडं घेऊन तणतणत उभा होता. "किती उशीर! सकाळपासून खड्डे खणून बसलोय. वाटेत झोपला होतात का काय?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि असं काही हसू लोटलं, की बिचारा माळी फावडं टाकून स्वतःच कुंड्या उतरवायला लागला. या दोन वयस्कर बायांना झालंय तरी काय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी नवा पाइप आणि माउंटिंगची नवी रबरं बसवली. नणंदबाई दिवसभर गॅरेजात ठाण मांडून होत्या. आल्या-गेल्याला सांगत होत्या, "हे इंजिन आमच्या वहिनीने बांधलंय बरं का. बाहेरून काही बिघडलं असेल, आतून नाही." वहिनी गाडीखालून म्हणायच्या, "वन्सं, पुरे!" पण फार जोरात म्हणायच्या नाहीत. संध्याकाळी जाताना नणंदबाई दारात घुटमळल्या. त्या दिवशी जे बोलले ते चुकलं, असं काहीसं त्यांनी सुरू केलं, पण वाक्य पुरं होईना. वहिनींनीही ते पुरं होऊ दिलं नाही. "रविवारी जेवायला या," त्या म्हणाल्या. "आणि ती पट्टी थोडी ठेवून जा. बरी आहे कामाला."

आता नणंदबाई कुठल्याही चढावर गेल्या, की वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतात आणि फोन लावतात. वहिनी तेलकट हाताने कसाबसा फोन कानाशी धरतात. "काय झालं, वन्सं? वाजतंय का काही?"

"नाही गं. काहीच वाजत नाही."

"मग फोन कशाला केलात?"

"वाजत नाही हे सांगायला," नणंदबाई म्हणतात, आणि मग दोघींचं बरंच काही बोलणं होतं.